सर्व्हर चालू होत नाही: मदरबोर्ड बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचा टॉवर सर्व्हर आहे. शनिवारी संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि सर्व्हर बंद पडला. सोमवारी बटण दाबलं तर पंखे जोरात फिरतात, स्क्रीन काळी राहते, समोर केशरी दिवा लुकलुकतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी डिस्प्ले येतो, पण पुढे ‘नो बूट डिव्हाइस’ असं दिसून सगळं थांबतं. आत चार डिस्क आहेत, रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा रीतीने एकत्र जोडलेल्या. देखभालीचं काम बघणाऱ्यांचं म्हणणं, मदरबोर्ड उडालाय, नवा घ्या. दोन गोष्टी विचारल्या आहेत: रॅम काढून खोडरबराने पुसू का, आणि रेड नव्याने बनवून त्यावर बॅकअप टाकू का?

आधी या दोन्हींची उत्तरं. रेड नव्याने बनवू नका, कुणी सांगितलं तरी नाही. आत्तापर्यंतच्या वर्णनात डिस्क गेल्याची एकही खूण नाही, आणि तुमचा डेटा बहुधा त्या चार डिस्कवर शाबूत आहे. खोडरबरही नको. रॅमच्या संपर्कांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, रबराने तो झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊन बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरेसं आहे. तेही रॅमवर संशय घ्यायला काही कारण सापडल्यावर.

आता मुद्द्याचं. बंद पडलेल्या सर्व्हरसमोर माणूस पहिली चूक करतो ती घाईत चार गोष्टी एकदम बदलण्याची. रॅम काढून लावली, बॅटरी बदलली, बायॉस (यंत्र चालू होताना आधी धावणारा बोर्डावरचा प्रोग्राम) रीसेट केला, वायर बदलली, आणि सर्व्हर चालू झाला. नेमकं काय बिघडलं होतं ते कळलं नाही, म्हणजे पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तोच प्रसंग. एका वेळी एकच बदल करायचा, त्याचा परिणाम बघायचा, वहीत लिहायचं, मग पुढे जायचं. आणि ज्या कृतीने नोंदी किंवा डेटा पुसला जाऊ शकतो ती कृती सगळ्यात शेवटी.

नोंदी कुठल्या? सर्व्हरची वायर भिंतीत लावलेली असली की, तो बंद असतानाही, बोर्डावरचा एक छोटा स्वतंत्र संगणक जागा असतो. त्याला बीएमसी म्हणतात. डेलमध्ये त्याचं नाव आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोव्होमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय म्हणतात. तापमान, व्होल्टेज, पंख्यांचा वेग, रॅममधल्या चुका, पॉवर सप्लाय कधी गेला, झाकण कधी उघडलं, हे सगळं तो वेळेसह लिहून ठेवतो. सर्व्हरला स्क्रीन येत नसली तरी ही यादी वाचता येते. घरच्या पीसीत आणि सर्व्हरमध्ये निदानाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच दुर्लक्षित राहतं. अनेक ठिकाणी सर्व्हर येऊन पाच-सहा वर्षं होतात आणि त्या मॅनेजमेंट पोर्टला एकदाही केबल लागलेली नसते.

तुमच्या सर्व्हरच्या मागे नेटवर्कची दोन-तीन पोर्ट असतील. त्यातलं पान्याचं चिन्ह असलेलं किंवा ‘मॅनेजमेंट’ लिहिलेलं शोधा आणि लॅपटॉप थेट तिथे जोडा. डेलच्या यंत्रांत या पोर्टचा नेटवर्क पत्ता (आयपी) बदललेला नसेल तर तो १९२.१६८.०.१२० असतो. लॅपटॉपला त्याच रांगेतला दुसरा पत्ता द्या आणि ब्राउझर उघडा. एचपीईच्या यंत्रांत पासवर्ड यंत्राला जोडलेल्या ओढपट्टीवर छापलेला असतो, पत्ता मात्र डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरच्या आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, मिळतो, म्हणून ते पोर्ट राउटरला जोडावं लागेल. आत गेल्यावर सिस्टम इव्हेंट लॉग उघडा आणि सगळ्यात आधी तो फाइलमध्ये उतरवून घ्या. ‘क्लिअर लॉग’चं बटण शेजारीच असतं, त्याला हात लावू नका. बऱ्याच यंत्रांत हा लॉग भरला की नवी नोंद होणंच थांबतं. म्हणून शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची दिसली तर ‘दोन वर्षांत काही झालं नाही’ असा अर्थ काढू नका.

लॉग वाचायचा कसा याचा एक नमुना देतो. एका महाविद्यालयाच्या सर्व्हरबाबतही असंच ‘बोर्ड गेला’ असं निदान झालं होतं. लॉगमध्ये सात-आठ महिन्यांपासून अधूनमधून एकच ओळ येत होती: मेमरी, डीआयएमएम ए३, करेक्टेबल ईसीसी, लॉगिंग लिमिट रीच्ड. म्हणजे ए३ स्लॉटमधली रॅम चुका करत होती, ईसीसी (रॅममधली चूक-दुरुस्तीची सोय) त्या गुपचूप दुरुस्त करत होतं, आणि चुका इतक्या झाल्या की यंत्राने मोजणं सोडून दिलं. मग एके दिवशी त्याच स्लॉटवर ‘अनकरेक्टेबल’ (दुरुस्त न होणारी चूक) अशी नोंद आणि त्यानंतर सर्व्हर उठलाच नाही. ती पट्टी काढून ठेवली, उरलेल्या योग्य स्लॉटांत लावल्या, सर्व्हर चालू झाला. असे दोष विरळ नसतात. गूगलच्या सर्व्हरांवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत किमान एक तरी सुधारता येण्याजोगी चूक आढळली होती.

नोंदींच्या तारखांकडेही बघा. मधूनच १९७० सालची तारीख किंवा तारखेच्या जागी ‘प्री-इनिट’ असे शब्द दिसले तर त्या क्षणी यंत्राला वेळ माहीत नव्हती. हे लक्षात ठेवा, लगेच कामाला येईल.

तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकत्र कालवल्यामुळे मदरबोर्डचं नाव पुढे आलं असावं. एक, पहिल्या दोन-तीन खेपांना डिस्प्लेच येत नाही. दोन, डिस्प्ले आला तर बूट डिव्हाइस सापडत नाही. दोन्हींचं कारण एक असू शकतं, नसूही शकतं. दुसरीपासून सुरुवात करतो, कारण ती बहुधा सोपी आहे.

ज्या खेपेला स्क्रीन येईल त्या वेळी बायॉसमध्ये जा आणि तारीख बघा. तारीख काही वर्षं मागची असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. नवी बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास किंवा थोडी वर दाखवते. २.७ च्या खाली गेली की बदलायची, आणि पाच-सात वर्षांच्या सर्व्हरमध्ये मी ती २.१ पर्यंत उतरलेलीही मोजली आहे. भिंतीतली वीज चालू असेपर्यंत या बॅटरीवाचून काही अडत नाही, म्हणून ती मेलेली कुणाला कळत नाही. शनिवारी लाइट गेली, यूपीएसही गेला, वीज पूर्ण तुटली, आणि ज्या यंत्रांत सेटिंग्ज या बॅटरीच्या भरवशावर असतात त्यांतलं सगळं पुसलं जाऊन कारखान्यातलं मूळ सेटिंग परत आलं. त्यात बूट मोड (सिस्टीम सुरू करायची पद्धत) नव्या यूईएफआयऐवजी जुना लेगसी झाला, किंवा डिस्कचा मोड रेडऐवजी एएचसीआय (प्रत्येक डिस्क सुटी धरणारा) झाला, की ‘नो बूट डिव्हाइस’ आलंच. डिस्क जागेवर, डेटा जागेवर, फक्त यंत्र चुकीच्या दारात शोधतंय. विंडोज सर्व्हर असेल आणि नुसता डिस्क मोड बदलला असेल तर कधी निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं येतं. मूळ एकच.

उपाय: नवी बॅटरी, तारीख-वेळ नीट, बूट मोड आणि डिस्क मोड पूर्वीसारखे. पूर्वी काय होतं ते माहीत नसेल तर एक-एक पर्याय बदलून बघा. नुसता मोड बदलल्याने डिस्कवर सहसा काही लिहिलं जात नाही. मात्र रेड कंट्रोलरच्या (डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या सर्किटच्या) मेनूत शिरून ‘क्रिएट’ किंवा ‘इनिशियलाइज’ या शब्दांना स्पर्श करू नका. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय) चालू असेल तर अशा बदलानंतर रिकव्हरी की मागितली जाईल. ती कुठे ठेवली आहे ते आधी शोधा, शक्यतो बायॉसमध्ये काही बदलायच्या आधी.

आता पहिली तक्रार. तिसऱ्या-चौथ्या खेपेला चालू होणारं यंत्र पाहिलं की माझं लक्ष आधी विजेकडे जातं. पूर्ण उडालेला मदरबोर्ड चौथ्या खेपेला सहसा जिवंत होत नाही. थकलेला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, होतो. त्यातले कपॅसिटर जुने झाले की थंड असताना व्होल्टेज लगेच स्थिरावत नाही, दोन-तीनदा बटण दाबून ते थोडे तापले की जमतं. वर्षानुवर्षं अखंड चालणाऱ्या यंत्रात हा दोष लपून राहतो आणि पूर्ण बंद करून पुन्हा चालू करताना उघडा पडतो. तुमच्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर काम सोपं आहे: एकच लावून बघा, मग दुसराच लावून बघा. प्रत्येकाच्या मागे छोटा दिवा असतो, तो हिरवा राहतो की केशरी होतो ते लिहा. एकच सप्लाय असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा उसना मिळवा. वेगळ्या वॉटचा सप्लाय जबरदस्तीने बसवू नका, दोन वेगळ्या क्षमतेचे तर एकत्र अजिबात नकोत.

पण सप्लाय बदलायच्या आधी भिंत तपासा, हे मी कळकळीने सांगतो. मल्टिमीटर घ्या, फेज-न्यूट्रल मोजा, मग न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजा. तो २-३ व्होल्टच्या आत असावा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, कित्येक जुन्या इमारतींत अर्थिंगची तार नुसती दाखवायला असते, आणि मीटर १५-२० व्होल्ट दाखवतो. अशा ठिकाणी नवा बोर्ड टाकलात तरी तोही भोगणार. यूपीएसचा प्रकारही बघा. सर्व्हरच्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं. स्वस्तातल्या यूपीएस आणि घरगुती इन्व्हर्टरमधून येणारी चौकोनी लाट त्याला अनेकदा चालत नाही, लाइट जाऊन बॅटरीवर आल्याच्या क्षणी सर्व्हर पडतो. लोक म्हणतात यूपीएस असूनही सर्व्हर बंद पडला. शुद्ध साइन वेव्हचा, शक्यतो ‘ऑनलाइन’ प्रकारचा यूपीएस हवा. दोन सप्लाय एकाच यूपीएसला लावले असतील तर यूपीएस गेला की दोन्ही जाणार, हेही सांगून ठेवतो.

लॉग उतरवून झाला, वीज ठीक आहे, तरी स्क्रीन येत नाही. मग सगळ्या वायरी काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, दोन मिनिटं थांबा. बोर्डावर साठलेला चार्ज निघून जातो आणि अडकलेला बीएमसी नव्याने सुरू होतो. वायर पुन्हा लावल्यावर लगेच बटण दाबू नका, बीएमसीला उठायला एक-दोन मिनिटं लागतात. मग बटण दाबा आणि थांबा. इथे धीर फार महत्त्वाचा. सर्व्हर चालू होताना प्रत्येक रॅमपट्टीशी सिग्नलची वेळ जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त असेल, बायॉस रीसेट झाला असेल, किंवा यंत्र डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचं असेल तर काळ्या स्क्रीनसमोर पाच-दहा मिनिटं जाऊ शकतात आणि या काळात पंखेही ओरडतात. दोन मिनिटांनी कंटाळून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. तुमच्या ‘तिसऱ्या-चौथ्या खेपे’मागे हेही कारण असू शकतं, म्हणून एकदा घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटं थांबा.

तरीही काही नाही, तर यंत्राला किमान सामानावर आणायचं. वीज काढा, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, आधी आतले फोटो काढा. प्रत्येक डिस्कवर तिच्या कप्प्याचा क्रमांक लिहा आणि चारही डिस्क बोटभर बाहेर ओढून ठेवा. त्यामुळे चाचणीदरम्यान डेटाला धक्का लागत नाही. जादा कार्ड काढा. एक प्रोसेसर, एकच रॅमपट्टी, एक सप्लाय एवढंच ठेवा. पट्टी कुठल्या स्लॉटमध्ये हे महत्त्वाचं आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला आकृती चिकटवलेली असते, बहुतेक डेल यंत्रांत पहिला ए१. चुकीच्या स्लॉटमध्ये लावलेली चांगली रॅमही ‘बोर्ड गेला’ असाच देखावा निर्माण करते.

एका पट्टीवर यंत्र उठलं तर एक-एक पट्टी वाढवत जा. जिच्यावर अडेल ती दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. दोष पट्टीबरोबर गेला तर पट्टी खराब. दोष त्याच स्लॉटपाशी राहिला तर स्लॉट, प्रोसेसर किंवा सॉकेटमधली वाकलेली पिन यांपैकी काहीतरी. इथपर्यंत आलात की पहिल्यांदा मदरबोर्डवर संशय घ्यायला आधार मिळतो. प्रोसेसर मात्र स्वतः काढू नका. सॉकेटमधल्या पिना केसासारख्या असतात आणि एक वाकली तर खरोखरच नवा बोर्ड घ्यावा लागेल.

बोर्ड कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. फुगलेले कपॅसिटर डोळ्यांना दिसतात, कोकणपट्टीत दमट हवेने हिरवट पडलेले संपर्क दिसतात, झुरळांमुळे झालेली शॉर्ट सर्किटही मी पाहिली आहेत. चिपमधले दोषही असतात. इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेतल्या क्लॉकच्या दोषाचा २०१७ साली बराच गवगवा झाला. त्या चिपवरची उपकरणं चालू असेपर्यंत नीट चालत आणि बंद करून पुन्हा चालू करायला गेलं की उठत नसत. पण बोर्डाचं निदान वगळत-वगळत शेवटी यायला हवं. तुमच्या देखभालवाल्यांना नम्रपणे एकच विचारा: लॉगमधली कुठली नोंद आणि कुठली चाचणी यावरून हे ठरवलं? उत्तर मिळालं तर चांगलंच आहे, बोर्ड बदला.

समजा डिस्प्ले आला, मोड बरोबर आहेत, आणि तरीही डिस्क सापडत नाहीत. मग रेड कंट्रोलरचा संदेश शब्दन् शब्द वाचा. ‘फॉरिन कॉन्फिगरेशन फाउंड’ असं असेल तर घाबरू नका. डिस्कवर लिहिलेली रेडची रचना कंट्रोलरच्या आठवणीतल्या रचनेशी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चारही डिस्क आपापल्या कप्प्यात नीट बसल्या आहेत याची खात्री करून मगच ‘इम्पोर्ट’ करा. ‘क्लिअर’ केलंत तर डिस्कवरची रचनाच पुसली जाते. कंट्रोलरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) लिहायचा राहिलेला डेटा आहे असा संदेश आला तर तोही टाकून देऊ नका, डिस्क जागेवर आल्यावर तो आपोआप लिहिला जातो.

रेड ५ एक डिस्क गेली तर सांभाळून घेते. दोन गेल्या तर नाही. लॉगमध्ये दोन डिस्क ‘फेल्ड’ दिसल्या तर कुठली आधी गेली ते तारखेवरून शोधा. आधी गेलेल्या डिस्कवरचा डेटा शिळा असतो, कदाचित कित्येक महिने जुना. अनुभवी माणूस नंतर गेलेली डिस्क जबरदस्तीने ऑनलाइन करून डेटा बाहेर काढतो. आधी गेलेली ऑनलाइन करून रिबिल्ड (बाकी डिस्कवरून रेडची पुनर्बांधणी) सुरू केला तर जुना आणि नवा डेटा एकमेकांत मिसळतो आणि मग डेटा रिकव्हरीवालेही फारसं काही करू शकत नाहीत. या टप्प्यावर तुम्ही स्वतः पुढे जाऊ नका. आधी प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यू या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने हुबेहूब प्रत, मग जे काय करायचं ते प्रतींवर.

एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच जातीच्या डिस्क एकाच वेळी जाण्याची भीतीही खरी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबाबत सूचना काढली होती: जुनं फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्राम) असेल तर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, डिस्क बंद पडेल आणि डेटा परत मिळणार नाही. एकदम बसवलेल्या चारही डिस्क जवळजवळ एकाच घटकेला गेल्या तर कुठली रेड वाचवणार? फर्मवेअरच्या सूचना वाचायची सवय म्हणूनच लावून घ्यायची, आणि बॅकअप त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायचा नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोचून अडलं तर हार्डवेअरचा बराचसा भाग सुटला असं धरा. लिनक्समध्ये ‘इमर्जन्सी मोड’ आला तर अनेकदा एफएसटॅबमध्ये (चालू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) लिहिलेली एखादी डिस्क जागेवर नसते, नव्वद सेकंद वाट बघून सिस्टम थांबते. बाहेरची बॅकअप डिस्क काढलेली असणं हे नेहमीचं कारण. तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा. ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणत कर्नल (लिनक्सचा गाभा) थांबला तर जुना कर्नल निवडून बघा. फाइल सिस्टीमची दुरुस्ती माउंट केलेल्या, म्हणजे वापरात जोडलेल्या, डिस्कवर चालवू नका.

सर्व्हर एकदा उठला की रीस्टार्ट करून ‘पुन्हा होतो का’ ते बघायचा मोह होईल. थांबा. आधी संपूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. मग घड्याळ तपासा. वेळ पाच मिनिटांहून जास्त चुकली असेल तर डोमेनवरची (संस्थेच्या सामाईक खात्यांची) लॉगिन अडतात, आणि तुमच्या व्यवहारांच्या नोंदींवर चुकीची तारीख पडली तर हिशेब निस्तरायला आठवडा जाईल. त्यानंतर बायॉसच्या प्रत्येक पानाचे आणि रेडच्या रचनेचे फोटो काढून छापील प्रत तिजोरीत ठेवा, बिटलॉकरची की शेजारीच. मॅनेजमेंट पोर्टला कायमची केबल आणि नवा पासवर्ड द्या, पण ते इंटरनेटला उघडं ठेवू नका. हे सगळं झालं की कामकाज नसलेल्या दिवशी सर्व्हर नीट बंद करा, वायरी काढून अर्धा तास तसाच ठेवा आणि पहिल्याच खेपेला उठतो का ते बघा. नाही उठला, तर उतरवलेला लॉग, बायॉसमध्ये दिसणारी तारीख, बॅटरीचा आणि अर्थिंगचा व्होल्टेज आणि समोरच्या दिव्याचा फोटो एवढं पाठवा.